डावा कौल

२१ मार्च १९८८, सोमवार. लाटंबार्से.

दादा, सकाळी अंगणात वाळत घातलेल्या काजूच्या बिया पालटत होते. तू पालटायचास तशाच, पायाच्या तळव्याने सारत. अर्धं अंगण झालं आणि बियांमध्ये काहीतरी पांढरं दिसलं. वाटलं, चुन्याचा खडा असेल. उचललं तर गोळी. जरा पुढे दुसरी. मग मी पदर खोचून खाली बसले आणि हातांनी चाळायला लागले. आपल्या धाकट्या शालूच्या गोळ्या होत्या. काही उन्हाने पिवळ्या पडलेल्या, काही दवात भिजून विरघळलेल्या. त्याआधीच्या गोळ्या पोत्यात भरून डिचोलीच्या व्यापाऱ्याकडे गेल्या असणार. त्याचं तो बघेल.

मला संशय होताच. तू गेल्यापासून रोज सकाळी ती माझ्यासमोर गोळी तोंडात टाकते, पाणी पिते आणि लगेच उठते. "बिया पालटून येतां." जिला पलंगावरून खाली पाय ठेवायला लावताना तुझा अर्धा दिवस जायचा, ती गोळीपाठोपाठ कामाला धावते, यात काहीतरी गोम आहे हे कळायला शहाणपण लागत नाही. पण मी म्हटलं, बघू. माझं आपलं असंच असतं, आधी संशय, मग बघू. तू हसायचास त्याला. मी सासरहून, इब्रामपूरहून आले की तू सोप्यावरूनच आत ओरडायचास, "शालू, इन्स्पेक्टरीण आयली गो! मडकीं झाक!"

गोळ्या पदरात घेऊन मी आत गेले. शालू जनेल उघडून बाहेर बघत पलंगावर बसली होती.

"ह्यो कितें?"

"गोळयो."

"तें माकाय दिसता. बियांत कशो गेल्यो?"

"हांवें थुंकल्यो."

खोटं बोलली असती तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

"कित्याक?"

ती जनेलाबाहेरच बघत राहिली. मग म्हणाली, "त्या गोळयांनी दादाक खालो."

मी काही बोलायच्या आधीच तिने पुढचंही सांगून टाकलं. देवीने डावा कौल दिला होता. पणजीला नेऊ नको, ही औषधं देऊ नको, असं देवीने सांगितलं होतं. दादाने ऐकलं नाही. देवीने वाट पाहिली आणि दादाला घेतला. आता आपण गोळ्या घेतल्या तर कोणाला घेईल? "तुका?" असं तिने मला विचारलं. साधं, चहात साखर घालू का विचारावं तसं.

"कोणें सांगलें तुका?"

"काशीवयनीन."

काशीवयनी. आपल्या चुलत भावाची बायको. तुझ्या बाराव्याला तिने जिलेबी वाढायला घेतली तेव्हाच मला कळायला हवं होतं, की वाढण्यापेक्षा बोलायला तिला जास्त सवड आहे.

दादा, तुला सांगते, मला राग आला तो तिचा नाही. मला तुझा राग आला. कारण त्या कौलाचा संशय मला पहिल्या दिवसापासून होता आणि मी तुला कधी विचारलं नाही. विचारायचं राहून गेलं असंही नाही. उत्तर माझ्या सोयीचं होतं, म्हणून विचारलं नाही.

सात वर्षांपूर्वीचा तो दिवस मला नीट आठवतो. शालूने तेव्हा जेवण सोडलं होतं. केसांच्या जटा झाल्या होत्या आणि ती भिंतीकडे तोंड करून पडायची. झाडफूक करणारा घाडी येऊन गेला, नारळ ओवाळून झाले, दंडाला दोरे बांधून झाले. कोणी म्हणाला राखणदार देवचाराची वाट ओलांडली, कोणी म्हणाला लग्न मोडलं त्याची हाय खाल्ली. लग्न मोडलं ते तिच्या दुखण्यामुळे, दुखणं लग्नामुळे नव्हे, हे मी सगळ्यांना सांगून दमले. तू कोणालाच काही सांगितलं नाहीस. तू गपचूप विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतलीस. कोणी विचारलं तर म्हणायचास, "मांजर पडता." आपल्याकडे मांजर नव्हतं.

मी म्हणत होते, पणजीच्या डॉक्टरकडे ने. आई होती तेव्हा, ती म्हणत होती, तिथं वेड्यांना ठेवतात, माझी मुलगी वेडी नाही, आणि नेणारच असाल तर आधी देवीचा कौल घ्या. उजवा आला तर न्या. तुला तिने दुसऱ्याच दिवशी देवळात पाठवलं. मी सोप्यावर तांदूळ निवडत बसले होते. तू परत आलास. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, कपाळाला अंगारा. आईने विचारलं, "कितें जालें?" तू म्हणालास, "उजवो." आणि सरळ आत जाऊन घागरीतलं पाणी प्यायला लागलास. दोन तांबे प्यालास. मार्च महिनाही नव्हता, पोटभर पाणी पिण्यासारखं ऊनही नव्हतं.

तेव्हाच मी मनात म्हटलं, हा देवळात गेलाच नाही. देवळाच्या पायरीवर बसून, तळीत पाय धुऊन परत आलाय. तू आयुष्यात फार खोटं बोलला नव्हतास, त्यामुळे तुला ते जमायचं नाही. पण आई उठली, देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली आणि शालूची पिशवी भरायला घेतली. मग मी कशाला तोंड उघडू?

डॉक्टर घाटावरचे होते. त्यांनी शालूला विचारलं, "उदास वाटतं का?" ती म्हणाली, "ना." "मनात वाईट विचार येतात?" "ना." मी तिच्याकडे बघत होते, मला वाटलं आता हे हिला परत पाठवणार. तेव्हा तू खुर्चीतून पुढे वाकलास आणि तिला म्हणालास, "शालू, जीव जड आसा?" ती म्हणाली, "व्हय." "किती?" "कोळंबी भरशी." काजू तुडवायची आपली ती दगडी कोळंबी, चार माणसांनी न हलणारी. डॉक्टरांनी तुला विचारलं कोळंबी म्हणजे काय, आणि तू त्यांना काजूचा रस काढण्यापासून सगळं समजावून सांगायला लागलास. मी तुला चिमटा काढला. पण डॉक्टर ऐकत राहिले, आणि मग त्यांनी लिहून दिलं.

पुढे मराठी की कोंकणी यावरून गावागावांत डोकी फुटायची वेळ आली, माझा नवरा मराठीसाठी मोर्चात गेला आणि तू दिवाळीला आमच्याकडे येऊन त्याच्याशी भांडलास, तेव्हा मला तो पणजीचा दिवस आठवत होता. तुमचं दोघांचं रंगात आलेलं. पोहे थंड झाले. शेवटी तू म्हणालास, "राजभाषा खंयचीय करात. आमच्या शालूक कितें जाता तें सांगपाक दोनूय भाशेंत उतर ना." माझ्या नवऱ्याने पोह्यांची बशी पुढे ओढली. त्याला तू जिंकलास असं वाटलं. मला वाटलं, हा विषय बदलतोय. तुझी ती खोड होतीच. हरायला लागलास की शालूला पुढे करायचास. लग्नाचं विचारलं तरी तेच. "माका कोण दितलें? घरांत आवय, शालू, आनी आठवड्यान एकदां तूं तपासणीक!" मी कितीदा विचारलं, तिच्यामुळे करत नाहीस की तिच्या आडून करत नाहीस? तू कधी सरळ सांगितलं नाहीस. आता मला ते कळणार नाही. मला दोन्हींचा संशय आहे, आणि तो मी ठेवणार आहे.

आपलं खरं भांडण मात्र दुसरं होतं. मी आले की शालूला उठवायची. "ऊठ, न्हा, केस विंचर, अंगण झाड." ती उठायची. मी तुला म्हणायची, बघ, उठते की नाही? तू लाड करतोस. तू म्हणायचास, "बाय, तूं येवन गेलें म्हणटकच तिका सांवरपाक दोन दीस लागतात." "पण उठली ना?" "उठली. तुका दाखोवपाक." आणि तू काय करायचास? काही नाही. काजूची पाटी तिच्या खोलीत आणून ठेवायचास आणि जमिनीवर बसून एकटाच बोंडूपासून बिया पिळून काढायचास. कशी आहेस, बरं वाटतं का, काही नाही. सकाळी पाववाल्या पोदेराकडून घेतलेलं पावाचं कडक कांकण तिच्या चहाच्या कपाला अडकवून ठेवायचास, बांगडी खुंटीला अडकवावी तसं. खाल्लं तर खाल्लं. कधीतरी दुपारपर्यंत तिचा हात पलंगावरून खाली यायचा आणि पाटीतलं एक बोंडू उचलायचा. तू वर बघायचा नाहीस. मी दाराआडून बघत असायची, आणि मला वाटायचं, याला आळस पोसणं म्हणतात.

अजूनही मला वाटतं की दोन्ही लागतं. तू काहीच न मागता बसायचास आणि मी मागायची, म्हणून ती जेवायची, न्हायची आणि अंगणात यायची. तू म्हणाला असतास, "तुजें अर्दें, म्हजें अर्दें?" आणि हसला असतास. हसलास तरी मी मागे घेणार नाही.

गेल्या मे महिन्यात राज्य झालं तेव्हा तिचं पुन्हा बिघडलं होतं. मी आंब्याची साठं घेऊन आले होते. तू रेडिओ ऐकून धावत आलास आणि तिच्या दारात उभा राहून ओरडलास, "शालू, गोंय राज्य जालें!" आतून आवाज आला, "म्हणून माका उठचें पडटलें?" तू दाराला धरून हसलास, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जो भेटेल त्याला सांगत सुटलास, शालूने विनोद केला. मी म्हटलं, विनोद कशावरून, वैतागली असेल. तू म्हणालास, "वैताग आयलो जाल्यारूय बरें. वैताग येवपाक जीव लागता."

आणि तेव्हा तुझ्या स्वतःच्या जिवाचं काय चाललं होतं? तांदळाच्या कणगीमागे सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांची रांग सापडली मला. गॅस, म्हणायचास. छातीवर हात चोळायचास आणि गॅस म्हणायचास. डिचोलीच्या बाजारात बुधवारी मासळीच्या पिशवीसकट बसलास तो उठला नाहीस, तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, दुखत असणार याला बरेच महिने. सगळ्या जगाचा संशय घेणाऱ्या मला तेवढा एक संशय कसा आला नाही? कारण घरातलं आजारपण कोणाचं हे आपण ठरवून टाकलं होतं. एका घरात एकालाच आजारी पडता येतं असं आपण सगळेच वागत होतो, तूसुद्धा.

तर आज दुपारी मी काशीवयनीकडे गेले. ती पापड लाटत होती.

"बस गो. च्या घेतलें?"

"च्या नाका. शालूक कौलाचें तुवें सांगलें?"

"हांवें? हांवें म्हळें, तिका खबर आसतलीच. सगळ्या गावाक खबर आसा."

"सगळ्या गावाक कोणें सांगलें?"

"गुरवाल्या बायलेन. आपलो भाव आसलो म्हणून जीव जळटा, म्हणून उलयलें हांव. वायट घेव नाका."

तिचा जीव जळतो हे खरं असेलही. पण पापड तिने एकही वाकडा लाटला नाही.

तिथून देवळात. गुरव चौकात पानं पुसत बसला होता. मी सरळ विचारलं. त्याने आधी आढेवेढे घेतले, देवीचं गुपित आहे म्हणाला. मी म्हटलं, बायकोला सांगितलं तेव्हा गुपित कुठे होतं? तेव्हा तो खाली बघत बोलायला लागला.

दादा, तू गेला होतास. माझा संशय खोटा होता. तळीत उतरून, हातपाय धुऊन, ओल्या धोतराने तू देवीपुढे उभा राहिलास, गुरवाने देवीच्या अंगाला पाकळ्या लावल्या, आणि तू विचारलंस, शालूला पणजीला नेऊ का. उजवी पाकळी पडली तर ने, डावी पडली तर नेऊ नको. डावी पडली.

"मागीर?"

"मागीर हांवें म्हळें, आठ दिसांनी परत विचार. तो म्हणालो, आठ दीस ना म्हजेकडे." गुरवाने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाये, खोटें कित्याक उलोवं? हांवें तेका म्हळें, परत लायतां, उजवी पाकळी इल्लीशी सुकी लायतां. सुकी बेगीन पडटा. आवयक बरें दिसतलें."

म्हणजे तेही करतात. तोही माझा संशय होता, लहानपणापासून.

"आनी दादा कितें म्हणालो?"

"म्हणालो, 'लबाडी करपाची जाल्यार ती हांव घरांत करतां. हांगा नाका.'"

मला हसू आलं, त्या चौकात, भर दुपारी. तुझा आवाज जसाच्या तसा ऐकू आला.

मग तू गुरवाला गाऱ्हाणं घालायला लावलंस. देवीआई, तू नको म्हणालीस, ते मी ऐकलं. पण मी नेणार. यात चूक असेल तर ती माझ्या माथ्यावर, पोरीच्या नाही. गुरवाने तसं गाऱ्हाणं घातलं. 'व्हय म्हाराजा' म्हणायला दुसरं कोणी नव्हतं, तेही तूच म्हणालास. आणि घरी येऊन आईला सांगितलंस, उजवा, आणि दोन तांबे पाणी प्यालास.

"आनी मागीर कितें जालें तें तूं पळयतां न्हय," गुरव म्हणाला.

"कितें पळयतां? सात वर्सां ती जेवली, न्हाली, बिया पिळल्यो. दादाल्या काळजाक रोग आसलो. देवी इतलीं वर्सां कित्याक रावली?"

"देवीक कसली घाय आसा बाये?"

याला उत्तर असेलही, पण ते गुरवाला देऊन शालूचं काय होणार? सकाळी मी तिला सगळं सांगून बघितलं होतं. डॉक्टर काय म्हणाले, सोड्याच्या बाटल्या, सगळं. ती नीट ऐकत होती आणि शेवटी म्हणाली, "आसतलें तशें. पूण हांव घेवची ना." तिला देवीची भीती वाटते असंही नाही. तिला तू तिच्यामुळे गेलास असं वाटतं. तिच्या आजाराला हेच हवं असतं, कुठलीही गोष्ट फिरवून तिच्याच अंगावर आणायची. काशीवयनीने त्याला आयती वाट दिली. कालपासून तिने जेवणही अर्ध्यावर टाकलंय. दुपारी परत आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मला ती पाठ ओळखीची आहे.

मी गुरवाला म्हटलं, "फाल्यां सकाळीं कितल्याक उगडटा देऊळ?"

"कौल घेतां? बरो पळोवन लायतां हांव..."

"कौल नाका. गाराणें."

आता दिवेलागण होते आहे. बिया पोत्यात भरल्या, चाळून. शालू आत आहे. मी सोप्यावर तुझ्या जागी बसून हे लिहिते आहे. तुला एवढंच विचारायचं होतं, मला का नाही सांगितलंस? मी काय म्हणाले असते ते तुला माहीत होतं म्हणून. "पाकळ्या त्या, ओल्या चिकटतात, सुक्या पडतात," असं म्हणून मी इब्रामपूरची बस पकडली असती. खरं आहे. माझा विश्वास नाही. पण तुझा होता की नाही? होता म्हणून गुरवाची सुकी पाकळी नको म्हणालास. आणि विश्वास असून डाव्या कौलावर तिला नेलंस. रोज सकाळी तिच्या हातावर गोळी ठेवताना तुला काय वाटत असेल, हे मी दुपारपासून मोजायला जाते आणि सोडून देते. गॅस म्हणत छाती चोळायचास, तेव्हा तुला वाटत होतं का, की आली वेळ? म्हणून तू डॉक्टरकडे गेला नाहीस का? हा माझा सगळ्यात वाईट संशय. याचं उत्तर गुरवाकडे नाही आणि देवीकडेही नसणार.

तू वाहिलंस ते मी लाड समजत होते. बरं केलंस, दादा. पण एकट्याने केलंस ते बरं नाही केलंस. हे भांडण मी सोडणार नाही.

२२ मार्च, मंगळवार.

सकाळी शालूला उठवली. माझ्या पद्धतीने, पांघरूण ओढून. मग तुझ्या पद्धतीने चहाच्या कपाला कांकण अडकवून ठेवलं आणि गप्प बसले. तिने ते खाल्लं नाही, पण कपाबाहेर काढून हातात घेतलं. मी सांगितलं, देवळात जायचं आहे, दादाच्या माथ्यावरचं उतरवायला. ते ऐकून उठली.

देवळात गुरव आणि आम्ही दोघी. मी नारळ ठेवला आणि त्याला काय म्हणायचं ते सांगितलं. तो देवीसमोर उभा राहून सुरात लागला, "गे आवय सातेरी, ह्या घरच्या दादान तुजो कौल मोडलो. जी चूक जाली ती आज तेची भयण आपल्या माथ्यार घेता. तेका सोड, धाकट्या भयणीक औषद लागूं दी, सुखी दवर..."

'व्हय म्हाराजा' म्हणायची पाळी शालूची होती. ती बोलेना. गुरव थांबला. त्याने पुन्हा म्हटलं. गाऱ्हाणं असं मधेच लोंबकळत ठेवत नाहीत, गुरव अस्वस्थ झाला. मी तिच्या कानात म्हटलं, "म्हण गो."

"ना," ती म्हणाली. मोठ्याने. "ताईल्या माथ्यार नाका."

"मागीर कोणाल्या?"

तिने हातातलं कांकण पाहिलं. घरापासून ते हातातच होतं. "दोगींच्याय."

"अशें गाराणें नासता," गुरव म्हणाला.

तू गेल्यापासून तिने कशासाठीही हात पुढे केला नव्हता. पाणीसुद्धा मागितलं नव्हतं.

"आतां आसा," मी म्हटलं. "घाल."

त्याने घातलं. दोन्ही बहिणींच्या माथ्यावर, अर्धं अर्धं. आम्ही दोघी 'व्हय म्हाराजा' म्हणालो. तिचा आवाज माझ्यापेक्षा खणखणीत होता. मी देवीकडे बघितलं नाही. पाकळ्या कुठेच लावल्या नव्हत्या, पडायला काही नव्हतं.

बाहेर पायरीवर मी पिशवीतून गोळी आणि पाण्याची बाटली काढली. तिने गोळी घेतली, पाणी प्यायली.

"जीब वयर कर."

"दादान केन्नाच पळयली ना."

"दादा भोळो आसलो. कर."

तिने जीभ वर केली. खाली काही नव्हतं. मग तिने कांकण मोडलं, अर्धं मला दिलं आणि अर्धं तिथेच पायरीवर बसून खाल्लं. मी तिला सांगितलं, गुरुवारी पणजीला जायचं, गोळ्या बंद होत्या ते डॉक्टरांना सांगायचं, आणि ते तिनेच सांगायचं. "कोंकणींत?" तिने विचारलं. मी म्हटलं, कशातही.

घरी आल्यावर बिया अंगणात पसरल्या. ती म्हणाली, "हांव पालटतां," आणि पालटून आत गेली.

तिच्या मागोमाग मी एकदा पायाने सगळं अंगण चाळून बघितलं. नुसत्या बियाच होत्या.